आवरून ठेवलेलं गाव

गावात त्याला भोंगा म्हणत. लहान पोरं भोंगेकाका म्हणत, एवढाच काय तो मान. धंदा पिठाच्या गिरणीचा. गिरणीचा पट्टा एकदा फिरायला लागला की शेजारी उभ्या माणसाला 'बारीक दळू की जाड' एवढं विचारायलाही बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. मिसरूड फुटल्यापासून तो तसा ओरडत आला, त्यामुळे पट्टा थांबला तरी आवाज काही खाली उतरेना. बायको म्हणे, "अहो, मी इथंच आहे, हाताच्या अंतरावर." तो म्हणे, "मग मी कुठं ओरडतोय?" आणि हे वाक्य गल्लीच्या टोकाला लोहाराच्या भट्टीपर्यंत ऐकू जाई.

त्याचं कुजबुजणं तर त्याहून प्रसिद्ध. स्वतःच्या लग्नात शेजारी बसलेली नवरी थरथरताना दिसली, म्हणून बिचाऱ्यानं तिच्या कानाशी लागून हळूच सांगितलं, "घाबरू नकोस, मी आहे." मांडवाच्या पार टोकाला बसलेल्या नवरीच्या आत्यानं तिथूनच उत्तर दिलं, "ती नाही घाबरत हो, आमचेच कान घाबरलेत."

पण मन मोठं. गिरणीत गर्दी असे ती काही नुसती दळणाची नसे. बायका घरघरीचा फायदा घेऊन एकमेकींच्या कानात गुपितं ओरडत. एकदा भोंग्याची शेजारीण अशीच मैत्रिणीला काही सांगत होती आणि नेमकी वीज गेली. पट्टा थांबला आणि सगळ्या रांगेनं ऐकलं, "आणि सासूला मी सांगितलं, मांजरानं खाल्लं." सासू रांगेतच डबा धरून उभी. भोंगा पीठ झटकत म्हणाला, "मांजर आमचंच ते. फार खादाड."

सासू म्हणाली, "तुझ्याकडं मांजर कधी होतं रे?"

"नाहीच ना आता. तुमच्याकडचं खाऊन गेलं ते परत आलंच नाही. इथं कशाला येईल?"

त्या दिवसापासून शेजारीण त्याची पाठराखीण झाली, ती कायमची.

अशा माणसाला लेक एकच. नाक आईचं, बोलणं बापाचं, फक्त आवाज माणसासारखा. शिकून शहरात गेली आणि सहली काढणाऱ्या एका कंपनीत लागली. काम काय, तर लोकांना डोंगर दाखवायचे. भोंग्याला हे शेवटपर्यंत समजलं नाही. "डोंगर दाखवायचा काय असतो? दिसतोच की. एवढा मोठा आहे." लेक घरी यायची ती सणावारासारखी, वर्षातून एखाददोनदा. पिशवीतले कपडे बाहेर यायच्या आत निघायची वेळ व्हायची. ती असेपर्यंत बाप गिरणीला कुलूप लावी आणि तिच्या मागं मागं फिरे. गाव दळणाचे डबे घेऊन ओट्यावर बसून राही, पण कुणी काही बोलत नसे.

एक दिवस लेकीचा फोन आला. तिनं एक नवी सहल काढली होती. सकाळी पलीकडच्या खिंडीत बसनं यायचं, डोंगर रमतगमत उतरायचा, दुपारी गावात जेवायचं, गावचं जगणं बघायचं आणि संध्याकाळच्या बसनं परत. गाव कुठलं? तर हेच. पहिल्या खेपेला कंपनीची मालकीण स्वतः येणार. तिला पसंत पडलं, तर ही सहल दर रविवारी.

"म्हणजे तू दर रविवारी घरी?" भोंग्यानं विचारलं.

"हळू बोला, बाबा. इकडं ऑफिसात ऐकू जातंय. आणि ऐका, मालकिणीला ठाऊक नाही हे माझं गाव आहे. तुम्ही माझे वडील हे तिला कळता कामा नये. मला घरी यायला मिळावं म्हणून मी ही वाट काढली असं वाटेल तिला."

"मग तसं नाहीये का?"

"तसंच आहे. म्हणून तर कळता कामा नये. सोबत गावातला एक माणूस लागतो, तेवढ्यापुरते तुम्ही खिंडीत या. आणि दुसरं, गावात वेगळं काही करू नका. रोजचं चालतं तसंच चालू दे."

"त्याची तू काळजीच करू नकोस," भोंगा म्हणाला. त्याला ओळखणारा माणूस इथंच काळजीत पडला असता.

त्याच संध्याकाळी गिरणीत बैठक बसली. लोहार, शेजारीण, शेळ्या राखणारा म्हातारा, झाडून सगळं गाव. लोहार भोंग्याचा लहानपणचा दोस्त, त्यामुळे खुसपट काढायचा पहिला हक्क त्याचा. तो म्हणाला, "रोजचं चालू दे म्हणजे कसं? पाहुणे दारात, आणि मी कोळशानं काळा होऊन उभा?"

"तुला धुतला तरी तू काळाच," भोंगा म्हणाला.

शेजारीण म्हणाली, "मी काही पाहुण्यांसमोर भांडी घासत बसणार नाही. माझ्या आईनं शिकवलंय, माणूस दारात आलं की खरकटं दिसता कामा नये."

हे सगळ्यांनाच पटलं. ज्या गावात पाहुणा आला की आधी उंबरा पुसतात, तिथं दुसरं काय पटणार? पण लेकीचा शब्दही मोडायचा नव्हता. शेवटी भोंग्यानं तोडगा काढला. रोजचंच करायचं, पण उरकून ठेवायचं.

मग काय विचारता. रविवारी उजाडायच्या आत गावानं दिवसभराची कामं हातावेगळी केली. धारा काढून झाल्या. शनिवारी टाकलेली धुणी वाळून घड्या पडल्या. लाकडं फोडून दारामागं रचली. लोहारानं भट्टी विझवून राख भरली आणि ठेवणीतला कोट चढवला. गावात होतं नव्हतं ते सगळं धान्य आदल्या दिवशीच दळून झालं, आणि गिरणी अशी धुतली की तिच्यात कधी पीठ पडलं असेल यावर विश्वास बसू नये. शेळ्या म्हाताऱ्याबरोबर लांबच्या माळावर धाडल्या. कोंबड्या परसात डालग्यांखाली झाकल्या. खताच्या ढिगाचं काय करायचं यावर थोडी वादावादी झाली. मग त्यावर कुणीतरी स्वच्छ चादर घातली आणि चादरीवर फुलदाणी ठेवली.

भोंग्याची बायको मुळातच कमी बोलणारी. नवरा दोघांचं मिळून बोलत असल्यावर तिला गरजही नव्हती. ती फुलदाणीकडं बघून एवढंच म्हणाली, "रोजचं म्हणाली होती ती."

"अगं, रोजचंच आहे. फक्त झालेलं आहे," असं म्हणून भोंग्यानं नवे बूट घातले आणि खिंडीकडं निघाला.

खिंडीत थंड वारा होता आणि ऊन कोवळं. बसमधून दहाबाराजण उतरले. मालकीण बुटकी, डोक्यावर टोपी, बोलणं मोजकं. कुणी काहीही सांगितलं की ती म्हणे, "बघू." तिच्यामागं एक जाडजूड निवृत्त बस ड्रायव्हर, आणि दोन काठ्या घेतलेल्या एक आजी, गळ्यात पक्षी बघायची दुर्बीण. सगळ्यात शेवटी लेक उतरली. तिला बघून भोंग्याचे दोन्ही हात आपोआप पुढं झाले. ते त्यानं तसेच वर नेऊन डोकं खाजवलं.

"नमस्कार, गाईडबाई," तो म्हणाला.

"नमस्कार, काका," लेक म्हणाली, आणि हसू लपवायला बुटाची नाडी बांधत बसली. नाडी बांधलेलीच होती.

कारणाशिवाय चालायची भोंग्याची ही पहिलीच खेप. आजवर तो डोंगर चढला तो हरवलेल्या शेळीमागं किंवा सरपणासाठी. ही माणसं मात्र चार पावलं टाकत, थांबत, गवताचा वास घेत, पुन्हा चार पावलं टाकत. पहिल्यांदा त्याला वाटलं, यांचं काही हरवलंय. पण मग त्यालाही गोडी लागली. ढगाची सावली समोरच्या उतारावरून सरकत खाली जाताना त्यानं बघितली आणि स्वतःशीच म्हणाला, हे रोज होतं की काय? नवे बूट चावायला लागले तेव्हा ते गळ्यात अडकवून तो अनवाणी चालू लागला, आणि ते बघून आणखी दोघांनी बूट काढले.

आजींनी दुर्बीण डोळ्याला लावली. "शू. समोरच्या फांदीवर निळा पक्षी आहे."

"कुठंय?" भोंग्यानं कुजबुजून विचारलं.

"आता नाही," आजी म्हणाल्या.

झऱ्याशी सगळे पाण्यात पाय सोडून बसले. ड्रायव्हर म्हणाला, "आयुष्यभर गाडी चालवली. पाय आजच काढलेत गॅरेजमधून." भोंग्यानं त्याला वीज गेल्याची आणि मांजराची गोष्ट सांगितली. ड्रायव्हर इतका हसला की पाण्यात बसला. मालकिणीच्याही ओठांचा कोपरा हलला. भोंग्याला वाटलं, रविवार पदरात पडला.

पुढं उतार तीव्र होता. लेकीच्या पायाखालचा दगड सरकला आणि भोंग्याच्या तोंडून निघून गेलं, "अगं चिंगे, सांभाळ."

सगळे थांबले. मालकिणीनं मान वळवली. "चिंगी कोण?"

भोंगा घामाघूम झाला. "चिंगी म्हणजे... आमच्याकडं अशा सैल दगडाला चिंगी म्हणतात."

मालकीण दगडाकडं बघत राहिली. "बघू," ती म्हणाली. त्यानंतर ड्रायव्हर प्रत्येक दगडापाशी थांबून विचारू लागला, "काका, ही पण चिंगी का?" आणि भोंग्याला दर वेळी नीट बघून सांगावं लागे, "नाही, हा नुसता दगड."

शेवटच्या वळणावरून गाव दिसलं. लेक पुढं झाली आणि हात करून सांगू लागली, "आता आपण एका जित्याजागत्या गावात शिरतोय. ऐका जरा, भट्टीचा घण, गिरणीची घरघर, शेळ्यांच्या..." बोलता बोलता ती थांबली. ऐकायला काहीच नव्हतं. एकाही घरातून धूर नव्हता. रस्त्यावर काडी नव्हती. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर गाव ठेवणीतल्या कपड्यांत, तेल लावून, हात मांडीवर ठेवून बसलं होतं. जणू फोटोवाल्यानं 'हलू नका' सांगितलं आणि तो घरी निघून गेला.

पाहुणे गल्लीच्या मधोमध उभे राहिले. गाव पाहुण्यांकडं बघत होतं आणि पाहुणे गावाकडं. आजींनी सवयीनं दुर्बीण वर केली आणि खाली घेतली.

मालकिणीनं हळूच विचारलं, "इथं काही दुःखद झालंय का?"

"नाही नाही," लोहार कोटाची बटणं सावरत म्हणाला. "सगळं झालंय. तुम्ही बसा."

"मग तुम्ही आता काय करणार होता?"

"तुम्हाला बघणार होतो."

लेकीचा चेहरा उतरला. तिनं बापाला गिरणीच्या भिंतीआड ओढलं. "हे काय केलंत?"

"तू म्हणालीस तसंच. रोजचं सगळं उरकलं बघ."

"बाबा, उरकायचं नव्हतं. ही माणसं तेच बघायला आलीत. दूध काढताना, घण मारताना, दळताना. आता त्यांना काय दाखवू मी, घड्या? मालकीण नाहीच म्हणणार आता."

भोंग्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जे मिळावं म्हणून गाव घासूनपुसून काढलं, तेच आपण पुसून टाकलं. तो तरातरा घरापाशी गेला. बायको दारात उभी होती. तिच्या कानाशी तोंड नेऊन, जमेल तेवढ्या हळू आवाजात तो म्हणाला, "अगं, काहीतरी पसारा काढ. कुणाकडं मूठभर दळण उरलंय का बघ. यांना गाव आवडलं नाही तर आपली चिंगी दर रविवारी घरी कशी येणार?"

सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं. पाहुण्यांनी ऐकलं होतं. मालकिणीनं टोपी काढली आणि लेकीकडं बघितलं. लेक जमिनीकडं बघत होती. ड्रायव्हर आजींना म्हणाला, "दगड घरी येणार म्हणे."

भोंग्यानं तोंडावर हात दाबला. पण हात बांधून बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. निदान शेळ्या तरी येऊ देत, असं म्हणून तो गिरणीच्या ओट्यावर चढला आणि माळाच्या दिशेनं तोंड करून त्यानं म्हाताऱ्याला हाक मारली, "घेऊन ये रे."

आता गिरणीत दळलं की कोंडा उरतो, आणि तो रोज संध्याकाळी गावच्या शेळ्यांना मिळतो, भोंग्याच्या हाकेवर. म्हाताऱ्याला ऐकू आलं की नाही कोण जाणे, पण शेळ्यांना आलं. भरदुपारी कोंडा म्हटल्यावर त्यांनी म्हाताऱ्याला तिथंच सोडलं आणि सगळा कळप धुरळा उडवत गल्लीत घुसला. गिरणी बंद, कोंडा नाही. मग ज्याला जे मिळालं ते. एका बोकडानं लोहाराच्या कोटाची बाही धरली. दोन शेळ्यांनी खताच्या ढिगावर चढून फुलदाणीतली फुलं खाल्ली आणि चादर ओढत नेली. परसातली डालगी कलंडली आणि कोंबड्या सुटल्या. शेजारणीच्या घड्यांवरून करडं नाचली.

आणि गाव उठलं. तेल लावलेलं, ठेवणीतलं, सगळं गाव. "धर तिला, धर." "अरे, माझा कोट." "दार लाव आधी." पाहुणे दोन क्षण बघत राहिले आणि मग तेही घुसले. ड्रायव्हर गल्लीच्या तोंडाशी उभा राहून शेळ्यांना हातवारे करू लागला, "मागं, मागं, येऊ दे, डावीकडं काप." आजींनी काठीच्या मुठीत एका शेळीचा पाय असा अलगद अडकवला की म्हातारा गुराखी, जो आत्ता धापा टाकत पोचला होता, आजींकडं आदरानं बघत राहिला. मालकीण एक करडू पोटाशी धरून जमिनीवरच बसली होती. ते तिच्या टोपीचा काठ चघळत होतं आणि ती त्याला चघळू देत होती.

शेळ्या गोळा झाल्या तेव्हा गल्लीत उरकलेलं असं काही उरलं नव्हतं. कुंपणाच्या फाटकाची बिजागरी तुटली होती, म्हणून लोहारानं कोट भिरकावून भट्टी पेटवली, आणि भाता ओढायला पाहुण्यांची रांग लागली. धुणं पुन्हा पिळायला दोघी पाहुण्या शेजारणीबरोबर विहिरीवर गेल्या. तिथून जे हसणं ऐकू येत होतं त्यावरून शेजारणीनं मांजराची गोष्ट स्वतःच्या बाजूनं सांगितली असावी. चूल पेटली, गरम भाकऱ्या भाजल्या गेल्या, लोणी निघालं, मध निघाला, आणि ज्याला जिथं सावली मिळाली तिथं तो जेवायला बसला. भोंग्यानं मात्र घास घेतला नाही. तो मालकिणीच्या आसपास घुटमळत राहिला, पण पोटातलं ओठावर येत नव्हतं.

शेवटी ऊन कललं, बस आली. थांब्यावर मालकीण त्याच्यासमोर उभी राहिली.

"काका, चिंगी हा दगड तुमच्याकडं किती वर्षांपासून आहे?"

"जन्मापासून," भोंगा मान खाली घालून म्हणाला. "तिला बोलू नका. तिची काही चूक नाही. गाव मीच आवरलं."

"मला खिंडीतच संशय आला होता," मालकीण म्हणाली. "तुम्ही दोघं एकाच तऱ्हेनं उजवा खांदा पाडून चालता. आणि ही इतर डोंगरांवर मागं वळून माणसं मोजत असते. आज एकदाही मोजली नाहीत, आणि तरी कुणी मागं राहिलं नाही. ज्या वाटेनं गाईडला घरी जायचं असतं, त्या वाटेवर पाहुणे मागं पडत नाहीत, हे मला आज कळलं." ती लेकीकडं वळली. "पण मला सांगायला हवं होतंस. लपवलंस ते आवडलं नाही."

"चुकलं," लेक म्हणाली.

"बघू. सहल चालू ठेवू, दर रविवारी. पण गाव पुन्हा असं आवरलं, तर बंद."

भोंग्याला बोलायचं होतं, पण त्याच्याआधी त्याची बायको पुढं आली. दिवसभरात तिनं पाहुण्यांशी एक शब्द काढला नव्हता. ती पदराला हात पुसत म्हणाली, "आवरणार बाई. तुम्ही कितीही सांगा. ही माणसं शनिवारी रात्रीच सुरू करतील, माझा नवरा सगळ्यांच्या पुढं. त्यांना अडवायला कुणीतरी शनिवारीच इथं यायला हवं. रविवारी सकाळी इथूनच वर चढून खिंडीत तुम्हाला भेटेल."

मालकीण मग खळखळून हसली. "कुणीतरी म्हणजे कोण, ते तुम्हीच सांगा."

"कुणीही चालेल," आई म्हणाली. "पण गावातलं असलं तर बरं. रस्ता विचारत बसायला नको."

लोहारानं भोंग्याच्या बरगडीत कोपर मारलं. "बघ. इतकी वर्षं तू बोललास, आणि काम हिनं एका दमात केलं."

"मी तरी हिला आजच ऐकतोय," भोंगा म्हणाला, आणि डोळे पुसायला खिशात रुमाल शोधू लागला. रुमाल शेळीनं खाल्ला होता.

बस सुरू झाली. निवृत्त ड्रायव्हरनं खिडकीतून हात हलवला. आजी दुर्बिणीतून गावाकडं बघत होत्या. लेकीनं शेवटच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "बाबा, शनिवारी थांब्यावर घ्यायला या."

बस वळणाआड गेली. धुरळा खाली बसला. बायको कोंबड्या झाकायला घरी गेली, शेजारीण धुणं वाळत घालायला गेली. लोहार भट्टी विझवून परत आला तरी भोंगा थांब्याच्या बाकावर तसाच बसलेला, रस्त्याकडं डोळे लावून.

"काय रे, इथं काय करतोस?"

"तिनं घ्यायला यायला सांगितलंय."

लोहार त्याच्या शेजारी टेकला. त्यानंही एकदा रिकाम्या रस्त्यावर नजर टाकली. मग लोहार उठला आणि त्याच्या दंडाला धरून म्हणाला, "अरे, आज रविवार आहे. घरी चल, जेव आधी."